अलास्काचं धुकं आणि दिल्लीचे दोन जाणकार

दिल्लीत तीसेक वर्षं काढली की मराठी माणसाला थंडीतलं कळायला लागतं. निदान त्याला स्वतःला तसं वाटू लागतं. डिसेंबरात पुण्याहून बहिणीचा फोन यायचा, "दादा, इकडे काय गारठा पडलाय रे!" तेव्हा मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी चढवून बसलेला असायचो. मी मोठ्या मनाने हसायचो. "अगं, त्याला थंडी म्हणत नाहीत. तुमच्याकडे नुसती हवा बदलते." रजईला ऊन कधी दाखवायचं, बादलीत पाणी तापवायचा रॉड किती वेळ ठेवायचा, कोहरा, म्हणजे तिकडचं धुकं, पडला की घराबाहेर कधी पडायचं, या विषयांत कॉलनीत माझा शब्द शेवटचा मानला जाई. मानणारा मुख्यतः मीच होतो, हे अलास्काला जाऊन आल्यावर समजलं.

अलास्काची सफर खरं तर माझ्यासाठी नव्हतीच. माझी बायको कुसुम दिल्लीतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी 'हिमनदी' हा धडा यायचा आणि दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना तो शब्दच कळायचा नाही. "बाई, म्हणजे ग्लेशियर ना?" हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बाई, तुम्ही देखी है?" कुसुम खोटं बोलणाऱ्यांतली नाही. "नाही, अजून नाही," म्हणून ती फळ्याकडे वळायची. गंगोत्रीजवळची गोमुखची हिमनदी दिल्लीहून काही फार लांब नाही. पण आमची प्रवास-सवलत, सरकारी नोकर जिला एलटीसी म्हणतो ती, दर वेळी पुण्या-साताऱ्याच्या लग्नामुंजींत खर्ची पडली आणि नंतर तिचे गुडघे गेले. चालत जाऊन बघायची हिमनदी तेव्हाच सुटली.

ती निवृत्त झाली तेव्हा आमच्या अभयने विचारलं, "आई, तुला कुठे पाठवू? सिंगापूर? युरोप?" अभय गुडगावला एका परदेशी कंपनीत आहे. त्याचं ऑफिस इतकं उंच आहे की लिफ्टमध्ये माझे कान बंद होतात. त्याच्या पिढीला परदेश म्हणजे आमच्या वेळचं मसुरी. कुसुम म्हणाली, "जिथे बसून हिमनदी दिसेल तिथे." अभयने कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि जहाज ठरलं. व्हँकुव्हरहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं आणि एका सकाळी हिमनद्यांच्या खाडीत शिरायचं. तिथे हिमनदी थेट समुद्रात उतरते आणि नशीब असेल तर तिचा कडा डोळ्यांदेखत कोसळतो.

"एकच सकाळ आहे हं," कुसुम मला निघेपर्यंत बजावत राहिली. मी म्हणत राहिलो, "तू काळजी करू नकोस. थंडीचं मी बघतो."

करोल बाग

खरेदी मे महिन्यात करावी लागली. बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता आणि मी करोल बागेत ओव्हरकोट मागत फिरत होतो. तीन दुकानदारांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. चौथ्याने कूलर माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "बाबूजी, मई में कोट? शिमला ट्रान्सफर हो गई क्या?"

"अलास्का जा रहे हैं."

"अच्छा. वो मनाली से ऊपर पड़ता है?"

"उससे भी ऊपर."

त्याने माळ्यावरून शुद्ध लोकरीचे दोन कोट काढले. एकेकाचं वजन आमच्या जुन्या शेगडीएवढं होतं. मी कोट चढवला, बटणं लावली, आरशासमोर एक चक्कर मारली आणि मला खरीखुरी चक्कर आली. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी पाजलं. त्या अवस्थेतही मी म्हणालो, "माल चांगला आहे."

कुसुम दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, अभय म्हणत होता, पाणी न शिरणारं जॅकेट घ्या. तिकडे पाऊस फार असतो."

"कुसुम, थंडी आणि पाऊस एकदम पडत नाहीत. इतकी वर्षं दिल्लीत काढलीस ना?"

"तो समुद्रकिनारा आहे. मागे डोंगर आहेत. वारे पाणी घेऊन येतात आणि..."

"ते पुस्तकातलं झालं," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला म्हटलं, एवढंच इथे नमूद करतो.

आता आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. मेट्रो नुकतीच आमच्यापर्यंत आली आहे. करोल बागेहून ती दोन धुडं घेऊन आम्ही मेट्रोने परतलो तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाई भर उन्हाळ्यात लोकर कवटाळून बसलेल्या माझ्याकडे उतरेपर्यंत बघत होत्या. घरी पलंगाच्या पेटीतून डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर, हातमोजे आणि कानटोप्या निघाल्या. त्यातच, कुसुमचं लक्ष नसताना, मी पाणी तापवायचा रॉडही टाकला. बर्फाच्या मुलखात अंघोळीचे हाल होऊ नयेत, एवढाच हेतू.

जहाज

पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला, रॉड नेऊ नका. जहाजावर चढताना सामान तपासतात. आमची बॅग बाजूला काढली गेली आणि एका उंच गोऱ्या अधिकाऱ्याने माझा रॉड दोन बोटांत धरून सगळ्या रांगेला दिसेल असा वर उचलला. हे काय आहे, त्याने विचारलं. मी सांगितलं, पाणी तापवण्याचं साधन. तो फार सभ्यपणे म्हणाला, "सर, आमच्या जहाजावर नळाला गरम पाणी येतं." रॉड परतीपर्यंत जप्त झाला. कुसुम त्या वेळी समुद्र बघत होती. तिने माझ्या बाजूला मान वळवली नाही, हे तिचे उपकार.

दुसरा सल्ला कवायतीचा. जहाज निघण्याआधी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना ठरलेल्या जागी जमावं लागतं, बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकायला. आमच्या मंत्रालयात अशी आगीची कवायत वर्षातून एकदा व्हायची. तेव्हा भोंगा वाजला की समजूतदार माणसं चहा मागवत. मीही केबिनमध्ये पाय पसरून बसलो. थोड्या वेळाने दारावर थाप पडली आणि केशरी जाकीट घातलेल्या एका मुलीने मला वर नेलं. अख्खा डेक माझ्यासाठी खोळंबला होता. कुसुम पहिल्या ओळीत जाकीट बांधून उभी होती आणि आमची ओळख नसल्यासारखी समोर बघत होती.

जेवणाच्या बाबतीत दिल्लीच्या लग्नांनी मला चांगलं तयार केलं होतं. आधी सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारायची, पोट भरणाऱ्या गोष्टी टाळायच्या, ताट हातात असताना कुणाशी बोलायचं नाही. या शिस्तीने मी पहिल्या दिवशी इतका जेवलो की संध्याकाळी जहाज स्थिर असताना मला समुद्र लागला. कुसुमने पिशवीतून सुंठ काढली. ती स्वतः घरून आणलेलं मेतकूट भातावर घालून शांतपणे जेवत होती.

तिथेच आम्हाला भाटिया भेटले. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, राहायला गुडगावच्या एका नव्या सोसायटीत. सोबत त्यांच्या पत्नी, वीणाजी. जगाच्या त्या टोकाला दोन दिल्लीकर भेटले की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही ट्रॅफिकवर बोललो, दुसऱ्या पाच मिनिटांत जमिनीच्या भावांवर आणि मग थंडीवर. भाटियाही थंडीतले जाणकार निघाले. "ये अंग्रेज लोग क्या जानें ठंड," ते म्हणाले. खिडकीबाहेर एक म्हातारा अर्ध्या चड्डीत धावत होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा बदलली.

पहिलं बंदर

पहिल्या गावी उतरलो ते पावसात. दिल्लीत थंडीतला पाऊस म्हणजे दोन थेंब आणि चार दिवस चर्चा. इथे तो आम्ही उतरल्यापासून परत चढेपर्यंत पडत होता, बारीक, एकसारखा, कसलीही घाई नसलेला. गावातले लोक छत्रीशिवाय फिरत होते, शाळेतली पोरं त्यातच खेळत होती. लाकडी घरं, रंगीत दारं आणि पुलाखालून वर चढणारे मासे, सगळं फार सुंदर होतं म्हणे. मला कोटाने गुंतवून ठेवलं होतं.

लोकर पाणी पिते, हे मला पुस्तकाबाहेर प्रथमच कळलं. तासाभरात माझा कोट दुप्पट जड झाला आणि त्याला ओल्या मेंढीचा वास यायला लागला. खांदे खाली ओढले जात होते. कुसुमचा कोट तर तिच्या पायांत येऊ लागला. एका दुकानासमोर ती थांबली, म्हणाली, "मी आलेच," आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर पिवळंधमक, पाणी न शिरणारं जॅकेट होतं आणि कोट पिशवीत होता.

"प्लास्टिकने थंडी जाते का?" मी विचारलं.

"आत स्वेटर आहे की. वारा आणि पाणी बाहेर राहिलं म्हणजे झालं."

मी माझ्या कोटात उभा राहून तिला ते जॅकेट किती कुचकामी आहे हे समजावून सांगितलं. बोलताना माझ्या बाहीतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "बरं," आणि पुढे चालू लागली. हे तिचं 'बरं' मी लग्नापासून ऐकत आलो आहे आणि त्याचा अर्थ संमती असा लावत आलो आहे.

तेव्हा तिसरा सल्ला. खाली लोकर, वर पाणी न शिरणारं काहीतरी. आमचे दोन्ही कोट पुढे सफर संपेपर्यंत न्हाणीघरात टांगलेले होते आणि अंघोळीला जाताना त्यांना हाताने बाजूला सारावं लागत होतं.

खाडीच्या आदल्या संध्याकाळी

त्या संध्याकाळी सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायला यायचं होतं. मी बंद गळ्याचा कोट घातला. कुसुम पैठणी नेसली, आत थर्मल आणि पायांत खेळाचे बूट. तीन गोऱ्या बायका येऊन तिच्या पदराला हात लावून गेल्या. ती त्या दिवशी शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी असावी तशी होती. जेवणात लक्ष नाही, सारखी खिडकीबाहेर नजर.

"उद्या पहाटेच खाडीत शिरणार आहोत म्हणे," ती म्हणाली. "सकाळी हिमनदीपाशी. डावीकडून दिसते की उजवीकडून हो?"

मी उजवी बाजू सांगितली. केबिन उजवीकडची मिळावी म्हणून मी अभयला दोन-तीनदा फोन करायला लावला होता. जहाज कड्यासमोर गोल फिरतं आणि दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, ही माहिती मला नंतर मिळाली. हा चौथा सल्ला समजा.

बाहेर पांढरं उतरायला लागलं होतं. भाटियांनी काचेकडे एक नजर टाकली आणि चमचा खाली ठेवला. "कोहरा है जी."

"दाट दिसतोय," मी म्हणालो.

"सुबह तो कुछ नहीं दिखेगा."

"छे. अकराच्या आधी तर शक्यच नाही."

"ग्यारह, साढ़े ग्यारह. धूप निकलेगी तब उठेगा."

दोन वैद्यांचं एकमत झालं की रोग्याला बोलायला जागा राहत नाही. आम्ही दिल्लीच्या कोहऱ्यांच्या आठवणी काढल्या. रद्द झालेली विमानं, रेल्वे स्टेशनवर काढलेल्या रात्री, एकदा दुसऱ्याच्याच फाटकात शिरलेली माझी गाडी. एवढ्या अनुभवानंतर पहाटे उठून पांढऱ्या भिंतीकडे बघत कुडकुडायचं म्हणजे वेडेपणा. आरामात उठावं, पोटभर नाश्ता करावा, अकराला वर जावं, असा निर्णय झाला. कुसुमने एकदाच विचारलं, "पण जहाज थांबेल का अकरापर्यंत?"

"एवढे पैसे घेतलेत, दाखवल्याशिवाय जातील कुठे?" मी म्हणालो.

"बिलकुल," भाटिया म्हणाले.

कुसुम म्हणाली, "बरं." वीणाजींनी लाल शाल खांद्यांवर ओढून घेतली.

हिमनद्यांची खाडी

पहाटे कधीतरी कुसुमने मला हलवलं. मी डोळे किलकिले करून गोल खिडकीकडे पाहिलं. काच पांढरीफटक. "बघ, म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. "झोप आता. अकराला." तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि कुशीवर वळलो. समुद्र लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीचाही त्यात हात असावा. पण आता सगळं गोळीवर ढकलण्यात अर्थ नाही.

जाग आली तेव्हा साडेदहा वाजत आले होते. शेजारी कुसुम नव्हती. नाश्त्याला गेली असेल, मी मनात म्हटलं. खिडकीची काच अजून पांढरीच. माझा अंदाज तंतोतंत उतरत होता आणि मला बरंच वाटलं. दाढी केली. सगळे स्वेटर चढवले. मग मात्र तिच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. सकाळपासून ती वर कुठेतरी पांढरं बघत बसली असणार. कोहरा उठलाच नाही तर तिला काय सांगायचं, याची मी जिना चढताना तयारी केली. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, आपण इथवर आलो हेही काही कमी नाही, आपल्या गंगोत्रीला एकदा डोलीतून जाऊ, असं बरंच काही.

वर भाटिया भेटले. तेही नुकतेच उठून, कानटोपी घालून, बायकोला शोधत होते. आम्ही दोघांनी एकमेकांच्या घड्याळात पाहिलं, समाधानाने माना हलवल्या आणि डेकचं दार ढकललं.

बाहेर धुकं होतं. पण ते जहाजाच्या पुढे होतं; माझ्या खिडकीवरचं पांढरं म्हणजे आमच्या ओल्या कोटांची वाफ होती. मागे, ज्या बाजूने आम्ही येत होतो तिकडे, निळंभोर आकाश होतं. जहाज खाडीतून बाहेर निघालं होतं. लोक खुर्च्या आवरत होते, कॅमेरे बंद करत होते, गरम सूपचे पेले हातात घेऊन मोठमोठ्याने बोलत होते. खाडीच्या तोंडाशीच धुकं असतं, आत बर्फाजवळ सगळं मोकळं असतं. बर्फावरून वाहत येणारा वारा धुक्याला तिथे टिकू देत नाही, असं कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं. आम्ही दोघे जाणकार दारातच उभे राहिलो.

"ये तो..." भाटिया म्हणाले आणि त्यांनी कानटोपी काढली.

मागच्या कठड्याशी दोन बायका उभ्या होत्या. एक पिवळ्या जॅकेटातली कुसुम, दुसऱ्या लाल शालीतल्या वीणाजी. त्या एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, कालपरवाच ओळख झालेल्या दोन बायका. मी जवळ गेलो. कुसुमचं नाक लाल झालं होतं, डोळे सुजले होते आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"पडला," ती म्हणाली. "अहो, कडा पडला. आधी नुसता दिसला. आवाजच नाही. मी म्हटलं, हे काय, असा मुका कसा? आणि मग आवाज आला. छातीत आला. आमच्या पुस्तकात आवाजाबद्दल काहीच नव्हतं हो."

"सच में, भाईसाहब," वीणाजी म्हणाल्या, "हम दोनों तो रो पड़े." मग नवऱ्याकडे वळून, "आप की नींद पूरी हो गई?"

मी गंगोत्री, डोली, निसर्ग हे सगळं गिळून टाकलं. मनात हेवा होता, लाज होती. आणि ती गेली, एकटी उठून गेली, याचा इतका आनंद झाला होता की मला तो लपवता येईना. तरी तोंडातून निघालं ते तक्रारीच्या सुरातच, "मला का नाही उठवलंस?"

"पहाटे उठवलं की."

"पुन्हा उठवायचं होतंस."

कुसुमने जॅकेटची टोपी मागे सारली. दूधवाला आला, असं सांगावं तितक्या सहज म्हणाली, "पुन्हा उठवलं असतं, तर तुम्ही मलाही पुन्हा झोपवलं असतंत."

भाटिया खोकले.  मी तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली पाण्यावरून बर्फाचे तुकडे वाहत चालले होते. एक फ्रिजएवढा, एक पलंगाएवढा, आणि एक अगदी निळा, आतून दिवा लावलेला वाटावा असा.

"कुसुम, तो बघ, केवढा मोठा!" मी म्हणालो.

तिने वाकून पाहिलं. "तो? तो चुरा आहे," ती म्हणाली आणि मग, जरा दया येऊन, मला नीट दिसावं म्हणून थोडी बाजूला सरकली.